दाराच्या चौकटीवरची पाटी: हाफ-टन पिकअपने कॅम्पिंग ट्रेलर ओढण्याआधी

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका तरुण जोडप्याचा फोन आला. दोघंही डेन्व्हरलाच असतात, दोन वर्षांची मुलगी आहे. "ताई, ट्रक तर आमच्याकडे आहेच. एकोणतीस फुटी ट्रेलर बघून आलोय. डीलर म्हणाला, हा ट्रक आरामात ओढेल. घेऊन टाकू का?" मी म्हटलं, "पैसे भरू नकोस. आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघड आणि चौकटीवर जी पिवळी-पांढरी पाटी आहे तिचा फोटो मला पाठव."

गेली सात वर्षं मी कोलोरॅडोत फोर्डच्या एफ-१५० पिकअप ट्रकने सव्वीस फुटी ट्रेलर ओढते आहे. आमच्या घरात ओढायचं काम माझं, मागे घेताना खाली उतरून उभं राहायचं काम नवऱ्याचं. इथली मराठी मंडळी आता मोठ्या संख्येने ट्रेलर घेऊ लागली आहेत आणि मला तेच ते प्रश्न येतात. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहूनच काढते. आकडे पौंडांत देते, कारण ट्रकवर, ट्रेलरवर आणि वजनकाट्यावर सगळीकडे पौंडच दिसणार आहेत.

आधी 'हाफ-टन' म्हणजे काय ते बघू. एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५००, टुंड्रा हे सगळे या वर्गातले. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, त्यामुळे हाफ-टन म्हणजे पाठीवर हजार पौंड घेणारा ट्रक, असा या नावाचा मूळ अर्थ. आजचे ट्रक त्याहून जास्त घेतात, पण नाव तेच राहिलं आहे. आणि नावातला तो शब्द पाठीवर घेण्याचा आहे, ओढण्याचा नाही, हे आधी लक्षात घ्या.

जाहिरातीत दिसतो तो ओढण्याचा आकडा. आमच्या ट्रकच्या माहितीपत्रकात तो सुमारे ११,००० पौंड होता. हा आकडा खोटा नसतो. बहुतेक कंपन्या आता 'जे २८०७' नावाच्या समान चाचणीने तो ठरवतात. त्यात अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा अकरा मैलांहून लांब चढ, शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ताशी चाळीस मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. पण त्या चाचणीत ट्रकमध्ये माणसं किती धरतात? दोन. प्रत्येकी १५० पौंड. मुलं नाहीत, सायकली नाहीत, लाकडं नाहीत, सासूबाईंनी भरून दिलेला फराळाचा डबा नाही.

म्हणून ती पाटी वाचायची. तिच्यावर इंग्रजीत एक वाक्य असतं, त्याचा अर्थ असा: माणसं आणि सामान मिळून एकूण वजन अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये. हाच तुमच्या ट्रकचा पेलोड. 'तुमच्या' म्हणजे खरोखर तुमच्या, त्या एका ट्रकचा. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत दोनशे-तीनशे पौंडांचा फरक मी पाहिला आहे, कारण एकाला काचेचं मोठं छत आणि चामड्याच्या, हवा खेळवणाऱ्या सीट्स होत्या, दुसऱ्याला नव्हत्या. ट्रक जितका सजलेला, तितका त्याचा पेलोड कमी. आमच्या ट्रकच्या पाटीवर १,६४० आहे.

आता यातून काय काय वजा होतं ते बघा. आम्ही चौघं: ५२०. वजन वाटणारा हिच (ट्रक आणि ट्रेलर जोडणारा सांधा), ज्याबद्दल पुढे सांगते: ९५. मागच्या हौद्यावरचं झाकण आणि रबरी चटई: ७५, कारण ही दोन्ही नंतर बसवलेली, पाटी छापताना नव्हती. हौद्यातली हत्यारांची पेटी आणि चाकांचे अडसर: ५०. उरले ९०० पौंड.

हे ९०० कशासाठी? ट्रेलरची मान ट्रकच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर टेकते, त्या टेकण्याचं वजन. इथे त्याला टंग वेट म्हणतात. ट्रेलर चाकांवर चालत असला तरी त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग ट्रकच्या पाठीवर यायलाच हवा. हा भाग पेलोडमधून जातो, आणि लोक चुकतात ते इथेच. ओढण्याची मर्यादा ११,००० म्हणून निर्धास्त असतात आणि पाठीची मर्यादा सात हजारांच्या ट्रेलरलाच संपून जाते.

मी सरासरी तेरा टक्के धरते. उरलेल्या पेलोडला ०.१३ ने भागायचं. ९०० भागिले ०.१३ म्हणजे सुमारे ६,९००. म्हणजे आमच्या ट्रकला, आमच्या कुटुंबासकट, सामानाने भरलेला सात हजार पौंडांच्या आतबाहेरचा ट्रेलर चालतो. माहितीपत्रक अकरा हजार सांगतं, पाटी सात हजार सांगते. पाटीचं ऐका.

ट्रेलरचा आकडा बघतानाही एक काळजी घ्या. डीलर तुम्हाला रिकाम्या ट्रेलरचं वजन सांगेल, ५,९०० वगैरे. त्या वजनात बहुतेकदा बॅटरी नसते, पाणी नसतं, गाद्यांवरच्या रजया नसतात, कुकर नसतो, बिडाचा तवा नसतो, वीस पौंडांची तांदळाची पिशवी नसते. रिकाम्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच धावत नाही. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे एक पाटी असते, तिच्यावर त्याचं जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं. आमचं ७,५०० आहे. निवड करताना तोच आकडा धरा. आमचा ट्रेलर या हिशेबाने थोडा जडच आहे, म्हणून मी त्यात काय भरते याकडे बारीक लक्ष ठेवते. आज पुन्हा घेतला असता तर हजार पौंडांनी हलका घेतला असता.

आता भरण्याबद्दल. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. लहानपणी आजोबांची बैलगाडी ऊस भरून कारखान्याला जायची. मोळ्या रचताना आजोबा मधेच थांबून जू हाताने उचलून बघायचे. जू अलगद वर आलं तर मागच्या मोळ्या काढून पुढे घ्यायला लावायचे. "उलाळ झाली की बैलाच्या हातात काय राहत नाय," म्हणायचे. उलाळ म्हणजे मागे जड झालेली गाडी. बैलांच्या मानेवर फार ओझं आलं तर बैल दमतात, पण ओझं फारच कमी आलं तर गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. टंग वेट म्हणजे हेच. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही पहिल्या उन्हाळ्यात ट्रेलर भरताना मला ते आठवलं नाही.

आम्ही वायोमिंगमध्ये वेडावूला निघालो होतो. तिथल्या जंगलात मोकळ्या जागेवर राहायचं तर नळ नाही, म्हणून घरूनच पाण्याची टाकी काठोकाठ भरली. चाळीस गॅलन. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे तीनशे तीस पौंड झाले, आणि आमच्या ट्रेलरची टाकी चाकांच्या मागे आहे. चार सायकली मागच्या बंपरवरच्या रॅकला लावल्या. जळाऊ लाकडं मागच्या कप्प्यात. पुढचा कप्पा जवळजवळ रिकामा, कारण तो उघडायला अवघड होता.

आय-२५ महामार्गावर वेलिंग्टन गाव मागे टाकलं की रस्ता उघडा पडतो. डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून, डोंगरावरून वारा उतरत होता. मी ताशी सत्तरने चालले होते, हाही मूर्खपणाच. एक मोठा ट्रक डावीकडून पुढे जायला लागला. त्याच्या तोंडाशी आलेल्या हवेने ट्रेलरचा पार्श्वभाग उजवीकडे ढकलला, मग ट्रक पुढे सरकताच तो डावीकडे ओढला गेला. आरशात मला आधी ट्रेलरची एक बाजू दिसली, मग दुसरी, मग परत पहिली, दरवेळी आणखी थोडी जास्त. स्टीअरिंग हातात असूनही ट्रक आपल्या मनाने डुलत होता. मागच्या सीटवर मुलं एकदम गप्प झाली, ती शांतता मला अजून ऐकू येते.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, आयुष्यभर घोड्यांचे ट्रेलर ओढलेले. त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी मला एकच गोष्ट तीन वेळा बजावली होती: ट्रेलर डुलायला लागला तर पायाचा ब्रेक दाबायचा नाही, स्टीअरिंगने त्याच्याशी झटापट करायची नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक सांभाळणाऱ्या ट्रकमधल्या यंत्राची, छोटी दांडी हाताने दाबायची. त्या दांडीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रकचे नाही. मागून लगाम खेचल्यासारखा ट्रेलर सरळ होतो. मी दांडी दाबली. तीन-चार सेकंदांत डुलणं थांबलं. पुढच्या एक्झिटला उतरलो आणि तिथेच अर्धी टाकी रिकामी केली.

ती दांडी कुठे आहे, हे अंधारात चाचपूनही तुम्हाला सापडलं पाहिजे. निघण्याआधी उभ्या ट्रकमध्ये दहा वेळा हात तिथे नेऊन बघा. शेजारी बसणाऱ्यालाही दाखवून ठेवा.

परत आल्यावर आम्ही तेच सामान तसंच भरून वजन केलं. ट्रेलर ७,३६०, मानेवर ५६०. साडेसात टक्के. आजोबांनी जू उचलून बघितलं असतं तर कळलं असतं.

आता आमचा नियम असा. जड सामान चाकांच्या वर किंवा थोडं पुढे, जमिनीलगत. डाळ-तांदूळ, कुकर, डबे मधल्या खालच्या कप्प्यात. पुढच्या कप्प्यात खुर्च्या, नळ्या, हत्यारं. मागे फक्त उशा आणि कपडे. सायकली दोनच नेतो, त्याही मुलांच्या, आणि त्या ट्रकच्या हौद्यात. ट्रेलरच्या मागच्या बंपरला काही लटकवू नका, तो पातळ पत्र्याचा असतो. पाणी शक्यतो कॅम्पग्राउंडला पोचल्यावर भरा. आणि टाकी पुढे आहे, मधे आहे की मागे, हे ट्रेलर घेण्याआधी खाली वाकून स्वतः बघा.

वजन करणं अवघड नाही. महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. अठरा चाकी ट्रकांचे काटे आहेत म्हणून बुजू नका, आपल्यासारखे लोकही रोज येतात. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, गर्दी नसते. काट्याला एकापुढे एक तीन पाट असतात. पहिल्यावर ट्रकची पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. फोनवरच्या ॲपवरून वजन मागवता येतं, खर्च पंधरा डॉलरच्या आसपास, त्याच दिवशी पुन्हा वजन केलं तर त्याहून पुष्कळ कमी. एकदा नव्हे, तीनदा वजन करायचं: हिचच्या बार (त्या काय, ते पुढे सांगते) लावून, बार काढून, आणि ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. प्रवासाला निघतो तसंच, सगळी माणसं आत, पेट्रोलची टाकी भरलेली.

सामान नीट लावल्यानंतरचे आमचे आकडे देते, म्हणजे वाचायचे कसे ते कळेल. नुसता ट्रक: पुढे ३,१८०, मागे २,९२०, एकूण ६,१००. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २,७८०, मागे ४,२२०, ट्रेलरच्या चाकांवर ६,१००. ट्रक ६,१०० वरून ७,००० वर गेला, म्हणजे मानेवर ९०० पौंड आले. सगळं मिळून १३,१००, त्यातून ट्रकचे ६,१०० वजा केले की ट्रेलर ७,०००. टक्केवारी पावणेतेरा. हे छान.

पण दुसरी गोष्ट बघा. पुढच्या चाकांवरून चारशे पौंड उडाले आणि मागच्या आसावर ४,२२० आले. दाराच्या चौकटीवर दुसरी एक पाटी असते, तिच्यावर प्रत्येक आसाची मर्यादा लिहिलेली असते. आमच्या मागच्या आसाची ४,०५०. म्हणजे मर्यादा ओलांडली. शिवाय पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग हलकं होतं आणि ब्रेक कमी लागतो, कारण ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवरच असतो. ट्रकचं शेपूट खाली आणि नाक वर, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत.

यासाठी वजन वाटणारा हिच. त्यात बॉलच्या खालून दोन पोलादी स्प्रिंग बार मागे ट्रेलरच्या चौकटीपर्यंत जातात आणि ताणून अडकवल्या जातात. मधून उचलून धरलेल्या पाटासारखा परिणाम होतो, मधला बाक कमी होऊन थोडं वजन ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर जातं. बार लावल्यावर आमचे आकडे: पुढे ३,०००, मागे ३,८४०, ट्रेलर ६,२६०. मागचा आस मर्यादेत आला, पुढच्या चाकांचं हरवलेलं वजन अर्ध्याहून जास्त परत आलं. किती परत आणायचं हे तुमच्या ट्रकच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तेवढंच आणा. सगळंच्या सगळं पुढे ढकललं तर मागची चाकं हलकी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतात. आणि या हिचमुळे पेलोड वाढला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वजन वाटलं जातं, पाटीवरचा आकडा तोच राहतो.

ट्रकच्या मागच्या हिचच्या पाइपवरही एक लेबल असतं. आमच्यावर लिहिलंय की वजन वाटणारा हिच नसेल तर फक्त ५,००० पौंड ओढा आणि मानेवर ५०० घ्या. खाली वाकून वाचल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

घरच्या घरी जुळवणी करायला मोजपट्टी पुरते. सपाट जागेवर ट्रकच्या पुढच्या चाकाच्या मध्यावर, जमिनीपासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंतची उंची मोजा. ट्रेलर नसताना, ट्रेलर टेकवून बार न लावता, आणि बार लावून. मधली वाढ निदान अर्धी तरी उतरली पाहिजे. उतरत नसेल तर हिचचं डोकं मागे आणखी कलवायचं किंवा बार एक टप्पा वर अडकवायच्या. पहिल्या वेळी दोन तास जातील. जाऊ द्या.

बार अडकवताना ताकद लावू नका. मान बॉलवर बसवून कुलूप लावलं की ट्रेलरच्या पुढच्या जॅकने मान आणि ट्रकचं शेपूट दोन्ही एकत्र वर उचला. मग बार जवळजवळ सैल होते, हाताने सहज बसते. त्यानंतर जॅक खाली आणला की ताण आपोआप येतो. काढतानाही तसंच, आधी उचला. ताणलेली बार उचकटताना सुटली तर नडगीचं हाड मोडू शकतं. मुलांना त्या वेळी तिथे उभं राहू देऊ नका.

जोडण्याचा माझा क्रम ठरलेला आहे आणि तो चालू असताना मी कुणाशी बोलत नाही. बॉलचा आकार आधी बघा. दोन इंची आणि दोन पूर्णांक पाच सोळांश इंची, असे दोन बॉल सर्रास मिळतात. मोठ्या मानेत छोटा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. मान बसली, खटका लावला, खीळ घातली की जॅकने मान दोन इंच वर उचलून बघा. ट्रकचं शेपूट बरोबर वर आलं तर पकड खरी. मान एकटीच वर आली तर ती नुसती टेकली होती. ही एक तपासणी मी आजवर कधीच चुकवलेली नाही. मग साखळ्या मानेखालून एकमेकींना फुली मारून, म्हणजे मान सुटलीच तर ती रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झोळीत पडल्यासारखी राहते. त्यानंतर ब्रेकअवेची बारीक तार. ट्रेलर सुटला तर हीच तार खेचली जाऊन त्याचे ब्रेक लागतात, म्हणून ती ट्रकला स्वतंत्र जागी अडकवा, साखळीला नको. शेवटी सात पिनांचा प्लग, दिवे आणि ट्रेलरच्या चाकांचे अडसर. अडसर सगळ्यात शेवटी निघतात आणि उतरल्यावर सगळ्यात आधी लागतात.

ब्रेकचा जोर प्रत्येक सहलीला नव्याने जुळवावा लागतो. मोकळ्या, सपाट पार्किंगमध्ये ताशी वीस-पंचवीसने चालत नुसती ती हाताची दांडी दाबायची. ट्रेलरने ट्रकला मागे खेचल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे. चाकं घासत थांबायला लागेपर्यंत आकडा वाढवत न्यायचा, मग किंचित कमी करायचा. पावसात आणखी कमी.

टायरबद्दल थोडक्यात. ट्रेलरचे टायर निघण्याआधी, थंड असताना, त्यांच्यावर लिहिलेल्या पूर्ण दाबापर्यंत भरा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी बदला, कारण ट्रेलर उन्हात उभा राहून टायर आतून सुकतात. बरेच ट्रेलर टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. मी ६२ ला चालवते. उजव्या लेनमध्ये राहते, मागे रांग लागली तर मोकळी जागा बघून बाजूला घेते.

मग घाट. इथे डेन्व्हरहून पश्चिमेला जायचं तर आय-७० शिवाय पर्याय कमी. डेन्व्हर पाच हजार फुटांवर आणि आयझेनहॉवर बोगदा अकरा हजारांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी साधारण एक तृतीयांश गेलेली असते. चढताना टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गिअर बदलण्याची खास सोय, चालू ठेवा, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या, तेलाचं तापमान बघत राहा. चढ हळू झाला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही.

उतार खरा कठीण. बोगद्यातून पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे आणि बाजूला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीच्या चढत्या वाटा केलेल्या आहेत. त्या वाटांवर कधीकधी ताज्या चाकोऱ्या दिसतात. आपल्याकडे घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. इथेही अगदी तेच. बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच वेग पन्नासच्या खाली आणा आणि गिअर खाली घ्या. इंजिनाने गाडी धरून ठेवली पाहिजे. वेग वाढलाच तर ब्रेक तीन-चार सेकंद नीट दाबून दहा मैलांनी वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला. हलका पाय सतत ठेवून उतरू नका, ब्रेक तापून जळका वास येतो आणि मग पायाखाली काहीच उरत नाही. तो वास आला तर पहिल्या मोकळ्या जागी थांबा, अर्धा तास. थांबल्यावर ब्रेकवर पाणी मारू नका.

वाऱ्याला मात्र काही तंत्र नाही. वायोमिंगच्या आय-८० वर, लॅरमी ते रॉलिन्स, हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद असल्याची पाटी लागते. आपण तेच, हलके आणि उंच. पाटी नसली तरी ताशी तीस मैलांच्या वर आडवा वारा असेल तर आम्ही निघत नाही. एकदा रॉलिन्सला एका पार्किंगमध्ये रात्र काढली, मुगाची खिचडी केली आणि पहाटे चारला वारा पडल्यावर निघालो.

पोचल्यावर मागे घेणं. हात स्टीअरिंगच्या तळाशी, सहाच्या काट्यावर ठेवा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात सरकवा. एवढं केलं की डोक्यातला उलटसुलट गोंधळ संपतो. शक्यतो जागा ड्रायव्हरच्या बाजूला येईल अशा दिशेने या, म्हणजे खिडकीतून सगळं दिसतं. आणि खाली उभ्या माणसाशी भाषा आधी ठरवा. नवरा सुरुवातीला "येऊ दे, येऊ दे" म्हणायचा. येऊ तर देतेय, पण कुठे? डावीकडे म्हटलं तर कुणाचं डावं? आता आम्ही फोन लावून ठेवतो आणि दोनच शब्द वापरतो: "ड्रायव्हरकडे" आणि "पॅसेंजरकडे". शंका आली की मी थांबते, उतरते, फांद्यांकडेसुद्धा वर बघते, मग पुढचं.

ट्रेलर भरलेला साडेसात हजारांवर जात असेल किंवा लांबी तीस फुटांकडे झुकत असेल, तर माझं प्रामाणिक मत असं की हाफ-टन सोडा आणि एफ-२५० किंवा २५०० वर्गातला ट्रक बघा. तो ट्रक रोजच्या कामाला जड आणि खर्चिक असेल तर ट्रेलर लहान करा. स्प्रिंगखाली हवेच्या पिशव्या बसवल्याने ट्रक दिसायला सरळ होतो, पण आसाची आणि पाटीची मर्यादा वाढत नाही.

त्या जोडप्याने पाटीचा फोटो पाठवला. १,४२०. त्यांचा ट्रक आमच्याहून नवा आणि पुष्कळ सजलेला. मी फोनवरच वजाबाकी केली: दोघं ३१०, मुलगी आणि तिची सीट ५०, हिच ९५, हौद्यातलं सामान ६५. उरले ९००, म्हणजे भरलेला ट्रेलर ६,९००. त्यांनी बघितलेला एकोणतीस फुटी ट्रेलर भरून ८,६०० चा होता. तो बाद झाला. मग त्या जोडप्यातला नवरा म्हणाला, "ताई, पण दर उन्हाळ्याला आई-बाबा येतात सहा महिने. ट्रेलर त्यांच्यासाठीच तर घेतोय." आई-बाबांचे २९० वजा केले. उरले ६१०. म्हणजे ट्रेलर ४,७०० चा.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. काल त्याचा निरोप आला: भरून ४,५०० पौंडांचा, एकोणीस फुटी, दोन बंक (एकावर एक पलंग) असलेला एक सापडलाय, आणि शनिवारी तो बघायला जाताना बरोबर मोजपट्टी नेऊ का.